निवृत्ती पेंटरची वही

एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात छान होता. पण कुणी काही शिकवलं की ते वहीत उतरवायचा आणि पुढच्या कामाला तसंच्या तसं लावायचा. तेवढी खोड सोडली तर पोरगा लाखात एक.

तालुक्याला मोबाईलचे खेळ बनवायचं ऑफिस निघालं. मालकीण शर्वरीताईंनी त्याला चित्रं काढायला ठेवलं. त्याच सुमारास यमुनेचं स्थळ सांगून आलं. मुलगी त्याला फार आवडली. तिचे वडील धोंडीअण्णा म्हणाले, "आधी तुझा खेळ माझ्या मोबाईलवर बघतो. मग सुपारी फोडू." निवृत्ती जीव ओतून कामाला लागला.

खेळ होता बागेतली माकडं शोधायचा. ताई म्हणाल्या, "आधी आयकॉन कर. मोबाईलवर खेळाचं छोटं चित्र असतं ना, ते. बघताक्षणी खेळ कळला पाहिजे."

निवृत्तीने नखाएवढ्या चौकटीत सतरा झाडं, चाळीस माकडं, विहीर आणि राखणदार काढला. पाटीवर घालतात तसा खाली 'निवृत्ती आर्ट्स' आणि फोन नंबरही घातला. ताईंना भिंग आणावं लागलं.

"अरे, एकच माकड मोठं काढ. बाकी सगळं गाळून टाक."

"बरं ताई," म्हणाला आणि वहीत लिहिलं.

मग आली बाग, जिथे माकडं शोधायची ती. निवृत्तीने स्क्रीनभर एकच माकड काढलं. झाड नाही, पान नाही. माकड समोर बसून दात काढतंय. आता शोधायचं काय, कपाळ?

"लपवायचं रे बाबा," ताई म्हणाल्या. "सहजासहजी सापडता कामा नये."

"बरं ताई."

पुढे 'खेळा' हे बटण. ते त्याने फणसामागे लपवलं, वर दोन पानं टाकली. ऑफिसातल्या चौघांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत हुडकलं. खेळ काही सुरू होईना.

ताईंनी कपाळाला हात लावला. "बटण मोठं हवं. पिवळंधमक. बोट आपोआप तिथेच गेलं पाहिजे."

"बरं ताई."

शेवटचं बटण राहिलं, 'खेळ काढून टाका'. ते त्याने सगळ्यांत मोठं, सगळ्यांत पिवळं केलं आणि मधोमध बसवलं. ताई नेमक्या भाचीच्या बारशाला गेलेल्या. खेळ तसाच बाहेर पडला.

रविवारी निवृत्ती धोंडीअण्णांच्या घरी गेला. ताटात सुपारी तयार होती. अण्णांनी चष्मा लावून खेळ उघडला. बोट आपोआप तिथेच गेलं. खेळ पुसला गेला. पुन्हा घेतला, पुन्हा पुसला गेला.

"बघा अण्णा," निवृत्ती खुशीत म्हणाला, "दोन्ही वेळा बोट बरोबर पडलं."

तेवढ्यात ताईंचा फोन आला. तालुकाभर हेच चाललं होतं. त्यांचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "अरे, असलं काही करण्याआधी माणसाला विचारायचं असतं. नक्की ना? पुन्हा एकदा विचार करा. एकदा झालं की मागे फिरता येत नाही. उद्या ये, दुरुस्त करू."

निवृत्तीने खिशातली वही काढून लिहून घेतलं.

अण्णा पोट धरधरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "खेळ गेला तर जाऊ दे. पोरगं सरळ आहे, यमीलाही पसंत आहे. चला, फोडू सुपारी." त्यांनी बत्ता उचलला.

आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. निवृत्तीचा ऊर भरून आला. पण वही ती वही.

"अण्णा," तो म्हणाला, "नक्की ना? पुन्हा एकदा विचार करा. एकदा झालं की मागे फिरता येत नाही."

अण्णांनी विचार केला. मग बत्ता खाली ठेवला आणि सुपारी खिशात टाकली.