गळतीचा धनी

“मी इथंच होते हो! खिडकीखाली उभी होते. पण माझं कुणाला खरंच वाटत नाही!”

एकदा एक बाई भर अंगणात अशी कडाडली. बाईचं नाव हौसा. अंगण लोकविद्यालयाचं. ओट्यावर सगळे गुरुजन बसले होते आणि वर्गात दिसत नाही म्हणून हौसाचं नाव पटावरून कापायचं की ठेवायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. खरं सांगायचं तर ठरवून झालं होतं, तोंडाने उच्चारायचं तेवढं बाकी होतं.

हे लोकविद्यालय एका विस्तीर्ण तळ्याच्या काठी होतं. ज्यांची शिकायची वेळ टळून गेली, अशा मोठ्या माणसांसाठी ते काढलेलं. विणकर यायचे, कोळणी यायच्या, सासरहून परतलेल्या लेकी यायच्या. हिवाळ्यात तळ्यावरून धुकं उठायचं आणि हलक्या पावलांनी वर्गात येऊन बसायचं. फळ्यावरची अक्षरं त्यात तरंगत असल्यासारखी दिसायची. गुरुजींचा आवाज कुठून येतो ते कळायचं नाही. आपण जागे आहोत की झोपेत कुठे चाललो आहोत, याचा आपल्यालाच पत्ता लागू नये अशा त्या सकाळी.

आणि त्या धुक्यातच एकेक शिष्य विरून जायचा. काल शेजारी बसलेला माणूस आज नसायचा. कुठे गेला, कुणी विचारायचं नाही. गुरुजन त्याला ‘गळती’ म्हणायचे. “यंदा गळती फार आहे बुवा,” म्हणायचे आणि विड्याचं पान लावायला घ्यायचे.

हौसा तळ्यापलीकडच्या वाडीतली. वाडीत मुलं उदंड, पण अक्षर शिकवणारं कुणी नव्हतं. इथल्या परीक्षेत उतरेल त्या बाईला वाडीत बालवाडी चालवायला मिळणार होती. तेवढ्या एका आशेवर ती स्वतः होडी वल्हवत यायची. विद्यालयाचा नियम मात्र कडक होता. एकदा नाव कापलं की कापलं, पुन्हा प्रवेश नाही.

“खिडकीखाली?” मुख्य गुरुजी म्हणाले. “वर्गाला दार आहे ना बाई? मग खिडकीखाली काय करत होतात?”

“मधाचं पोळं राखत असतील,” गणिताचे गुरुजी म्हणाले, आणि ओटाभर हशा पिकला.

“हसा, हसा!” हौसा म्हणाली. “तुमचं काय जातंय?”

“रागावू नका,” मुख्य गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले. “ज्याला शिकायचं असतं तो आत येऊन बसतो. तुमच्यात जिद्दच नाही, त्याला आम्ही काय करणार?”

“जिद्द नाही? मग ती होडी काय तुमच्या आज्यानं वल्हवली?”

ओट्याच्या टोकाला आचार्य बसले होते. विद्यालय त्यांनीच काढलेलं, आणि इथले बहुतेक गुरुजी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. वय इतकं झालेलं, की त्यांचा डोळा लागला आहे की ते ऐकत आहेत, हे ओळखू यायचं नाही. ते सावकाश उठले. अंगणाच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा रांजण होता, त्याच्यापाशी गेले. रांजणाच्या बुडाशी जमीन भिजली होती. त्या ओल्या जमिनीकडे बोट रोखून आचार्य कडाडले,

“लाज नाही वाटत तुला? सकाळी भरलं, आणि दुपार व्हायच्या आत चाललंस? जिद्द कशी ती नाहीच. घरचं वळणसुद्धा नाही. ज्या पाण्याला टिकायचं असतं ते टिकतं!”

गुरुजनांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारपण काय करील सांगता येत नाही, असा भाव एकदोघांच्या तोंडावर आला. शेवटी गणिताचे गुरुजी खाकरले. “आचार्य, पाण्याला काय बोलता? रांजणाला चीर गेली आहे.”

“अस्सं?” आचार्य वळले. “मग हे तुम्हाला माणसांच्या बाबतीत का सुचत नाही? गळती हा शब्द तुमचाच ना? छप्पर गळतं, घागर गळते. पाण्याने गळायचं ठरवलं, असं कधी ऐकलंत? शिष्य गेला की मात्र तुम्ही पाण्याला बोल लावता. आणि एक सांगतो. चीर आतून दिसत नसते. रांजणात डोकावलं तर पाणी दिसतं, आणि त्यात आपलंच तोंड. चीर शोधायची तर बाहेरून हात फिरवावा, आणि ओल लागेल तिथे थांबावं. जे बाहेर पडले, त्यांना विचारा. ते कुठून निसटले हे त्यांनाच ठाऊक.”

बोलणं असं होतं की तळ्यावरचं धुकंसुद्धा क्षणभर थबकल्यागत वाटलं. मुख्य गुरुजींनी मान खाली घातली. आचार्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, पावलं आपल्या कुटीकडे वळवली, आणि जाता जाता विचारलं, “समजलं का?”

“हो!” सगळे गुरुजन एका सुरात म्हणाले.

“मला नाही समजलं,” हौसा म्हणाली.

आचार्य थांबले.

“अहो बाई, इतकं सोपं तर...” मुख्य गुरुजी म्हणू लागले.

“हेच!” हौसाने त्यांचा शब्द अर्ध्यातच पकडला. “हेच वाक्य! चीर शोधा म्हणालात ना, आचार्य? मग लावा इथे हात.”

तिने पदर झटकून खांद्यावर टाकला, पावलं दाराकडे वळवली आणि मान अर्धवट फिरवून म्हणाली, “समजलं का?” इतकं हुबेहूब, की गणिताच्या गुरुजींना हसू फुटलं, आणि फुटता फुटता ते विझलं. ती त्यांचीच नक्कल होती. मुख्य गुरुजींचीही होती. ओट्यावरच्या सगळ्यांचीच होती.

“उपरणं खांद्यावर चढलं, पाय दाराकडे वळले, की मग तुम्ही विचारता,” हौसा म्हणाली. “तेव्हा ‘नाही’ म्हणायचं म्हणजे सगळ्या वर्गाची वाट अडवायची. मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं ‘नाही’. ‘इतकं सोपं?’ असं उत्तर आलं, आणि वर्ग हसला. मग मीही ‘हो’ म्हणू लागले. आजचा ‘हो’ कालच्या ‘हो’वर बसतो, उद्याचा त्याच्यावर. पुढे तो ढीग इतका होतो की उंबऱ्यातून आत पाय पडत नाही. माझ्या शेजारी विणकराची सून बसायची. ती आळशी नव्हती हो! ‘हो’ म्हणून म्हणून ती गेली. मला जायचं नव्हतं, म्हणून खिडकीखाली उभी राहिले. तिथे कुणी काही विचारत नाही. शब्द ऐकू येतात. फळा तेवढा दिसत नाही.”

आचार्यांनी हळूच विचारलं, “आणि हे असं विचारायला यांना कुणी शिकवलं?”

हौसाने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. “तुम्ही. हे सगळे तुमच्याच हाताखालचे. उपरण्याचा झटकासुद्धा तुमचाच आहे.”

“बाई, जीभ आवरा!” मुख्य गुरुजी उठून उभे राहिले.

“तुम्ही बसा,” आचार्य म्हणाले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि घडी करून ओट्यावर ठेवलं. “हिचं नाव पटावर राहील. पण वर्गात कुणी खोडी केली की तुम्ही काय करता?”

“खोडकराचं नाव फळ्यावर लिहितो,” गणिताचे गुरुजी पुटपुटले.

“मग माझं लिहायला हवं. चल, हौसा.”

हौसा उंबऱ्याशी क्षणभर अडली आणि आत गेली. तिच्यामागून आचार्य शिरले, आणि त्यांच्यामागून सगळे गुरुजन येऊन शिष्यांच्या जागेवर बसले. हौसाने खडू उचलला. “पण तुमचं नाव कुणाला माहीत आहे? सगळे आचार्यच म्हणतात.”

आचार्यांनी नाव सांगितलं. हौसाने खडू टेकवला आणि तो तसाच राहिला. कालची हौसा असती तर मान डोलावून काहीतरी गिरवून मोकळी झाली असती.

“नाही समजलं,” ती म्हणाली. “पुन्हा सांगा.”

कुणी हसलं नाही. आचार्य फळ्यापाशी खाली बसले. कुठेही जायचं नसलेल्या माणसासारखे, मांडी ठोकून.

“आधी त्र काढ.”

“काढला.”

“त्याला य जोड.”

“कसा जोडू? दोन अक्षरं आधीच एकात गुंतलीत, तिसरं कुठे बसवू?”

“खरं आहे, अवघडच आहे,” आचार्य म्हणाले, आणि त्यांनी धुक्यात बोटाने ते अक्षर काढून दाखवलं. ते तिला दिसलं नाही. त्यांनी पुन्हा काढलं. “आता वर टिंब दे. मग ब. मग क.”

हौसाने पुसलं, पुन्हा लिहिलं, मागे सरून पाहिलं. मग ती बाजूला झाली, आणि सगळ्यांनी गळतीच्या धन्याचं नाव वाचलं: त्र्यंबक.