आजन्म

“साखर किती होती?”

“चारशे अडुसष्ट, सर.”

“किती दिवसांची?”

“तीन महिने तरी. तहान, लघवी… पेशंट अंगावर काढत होता.”

“आणि टेस्ट कधी केलीस?”

“आल्या आल्या,” डॉ. ऋत्विज म्हणाला. ते तो अभिमानाने म्हणाला. विद्यापीठात पहिला आलेला मुलगा.

म्हसवडे सरांनी केसपेपर उचलला. चाचणी साधी होती. ग्लुकागॉन नावाच्या संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं, सहा मिनिटांनी रक्त काढायचं. स्वादुपिंडात इन्सुलिन करायची ताकद उरली आहे का, ते त्यावरून कळतं. ऋत्विजने खाली लिहिलं होतं : ‘स्वादुपिंड रिकामं. इन्सुलिन आजन्म.’

कॉटवर घोलप बसले होते. टँकरचे ड्रायव्हर. त्यांचा मालक इन्सुलिनवरचा माणूस गाडीवर ठेवत नाही. काल ऋत्विजने निकाल सांगितला, तासाभरात किल्ली परत गेली.

“सव्वीस वर्षं स्टेअरिंगवर काढली, साहेब,” घोलप म्हणाले. “या पोरानं सहा मिनिटांत खाली उतरवलं.”

“मी नाही उतरवलं. रिपोर्टनं उतरवलं,” ऋत्विज म्हणाला. “आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

सरांचा चेहरा लाल झाला. पण आवाज चढला नाही.

“सतराचा पाढा म्हण.”

“सर?”

“म्हण.”

सिस्टरनी ट्रॉली थांबवली.

“सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न… सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे…”

“पुढे.”

“पंच्याऐंशी. सतरा सक… सतरा सक एकशे… बारा.”

घोलप हसले. “एकशे दोन, डॉक्टर. मी चौथी नापास.”

सरांनी खिशातलं पेन काढलं. कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि कागद ऋत्विजच्या हातात दिला.

‘डोकं रिकामं. आजन्म.’

ऋत्विजचे कान तापले. “हा अन्याय आहे, सर!”

“का? विचारलं. आलं नाही. लिहिलं.”

“अडतीस तास ड्युटीवर उभा आहे मी! डोळ्याला डोळा नाही. एक रात्र झोपू द्या, मग विचारा. एकोणतीसचा म्हणून दाखवतो!”

“झोपू द्या?”

“हो! थकलेल्या माणसाला असं विचारतात का कोणी?”

सरांनी घोलपांचा केसपेपर ऋत्विजच्या छातीवर ठेवला आणि बोटाने दाबून धरला.

“तू अडतीस तास उभा आहेस… यांचं स्वादुपिंड तीन महिने या साखरेपुढे उभं आहे. त्याला झोपू न देताच विचारलंस?”