खडकावरचे पाच भाऊ

दोष होता बंदराच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याचा. वाऱ्याचा नाही, नशिबाचा नाही.

समुद्राला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्याच्या किनाऱ्याला परकी होडी लागत होती. बुरुजावरून तीनदा शंख फुंकला, पण होडीतल्या पाच खलाशांपैकी कुणीच ओ दिली नाही.

"ओ देत नाही तो समुद्री चाचा!" कारभारी म्हणाला. गावच्या म्हाताऱ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. त्यांना दुसरं येतं काय?

एक कोळीण तेवढी पुढे झाली. "आबा, होडीत लांबडं गाठोडं आहे. सोडून तरी बघा."

"चाच्याची लूट शिवायची नसते, हा वाडवडिलांचा नेम. तू तुझी मासळी बघ!"

गाठोड्यासकट होडी बुडवली. पाचही खलाशांना ओहोटीच्या वेळी खडकाला बांधलं. बाकीचं काम भरतीनं केलं.

महिन्याभरानं डोंगराएवढं गलबत आलं. त्याच्या शिडांची सावली अर्ध्या गावावर पडली. त्यातून त्या खलाशांच्या मुलखाचा वकील एकटाच उतरला. हातात साधी काठीसुद्धा नाही. राजासमोर उभं राहून त्यानं शांतपणे विचारलं, "पकडल्यावर ते पाच जण काय बोलले?"

कारभाऱ्यानं मनात हिशेब केला. खरं सांगावं, तर मान जाणार.

"शिव्या दिल्या, महाराज! सात गलबतं लुटली म्हणून फुशारकी मारली!"

म्हाताऱ्यांच्या माना पुन्हा डोलल्या.

वकिलानं डोळे मिटले. "आमच्या बेटांवर होडीत मयत असलं, की ते मातीला मिळेपर्यंत सोबतचा माणूस शब्द काढत नाही. जीव गेला तरी नाही. ते पाच भाऊ आपल्या आईला घरी नेत होते."

सभेच्या गर्दीतून ती कोळीण पुढे आली.

"खरंय, महाराज," कोळीण रडत म्हणाली. "पाणी हनुवटीला लागलं, तरी एकानंही 'वाचवा' म्हटलं नाही. नुसते बघत होते. मला वाटलं, आपण देवच बांधलेत की काय!"

राजा सिंहासनावरून उतरला आणि समुद्राकडे तोंड करून त्यानं हात जोडले. कारभाऱ्यानं मान वर केली नाही. ती शांतता त्यानंही ऐकली होती, अगदी शेवटच्या लाटेपर्यंत.

गप्प माणसाच्या तोंडी गुन्हा घालू नये. कारभाऱ्यानं घातला, त्यात त्याचं बंदर गेलं, घर गेलं, आणि उरलेलं आयुष्य परक्या बेटावर दगड फोडण्यात गेलं.