दोन चुलींवरचं मटण

"मग आज तुम्हीच निकाल लावा बाबा. कुणाचं मटण चांगलं? माझं का त्या मार्टाचं?"

तुळशीराम घोडके, म्हणजे आमचे आप्पा, अजून उंबऱ्याच्या आतही आले नव्हते. एका पायात चप्पल तशीच, आणि प्रश्न मात्र आधीच आत आला.

दर्ग्याचे जमालबाबा अंगणात कबुतरांना ज्वारी टाकत बसले होते. टाकतच राहिले.

आप्पांच्या मागून त्यांचा मुलगा रणजित आला. अंगात मार्टाचा निळा शर्ट, खिशावर नावाची पट्टी, हातात थर्माकोलचा डबा. बापाशेजारी उभं राहणं त्याला जड गेलं. तो खांबाच्या पलीकडे जाऊन थांबला.

मी जैतून. दर्ग्यातल्या लंगरची चूल माझ्याकडे. बाबांच्या पायाशी आयुष्य गेलं, पण गप्प बसायची विद्या काही मला साधली नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून तर हे सांगतेय.

दोघांचं भांडण सगळ्या गावाला ठाऊक होतं. आप्पांचं मटणाचं दुकान जुन्या बाजारात. रणजित सुरा धरायला शिकला तो तिथंच. पुढं हायवेला तो स्वस्तातला मार्ट उघडला आणि रणजित तिथं मटण विभागाचा मुख्य झाला. आप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तेही एक वेळ चाललं असतं. पण पोरानं घर बांधलं. येत्या रविवारी नव्या घराचं जेवण होतं. आप्पा म्हणाले, त्या घरात मार्टाचं मटण शिजलं तर मी घास घेणार नाही. रणजित म्हणाला, माझ्याच घरात बाहेरचं मटण आलं तर मार्टातले लोक माझ्या तोंडात शेण घालतील.

आता सांगा, आई आधीच गेलेली, आणि बापही जेवायला नाही. या अल्ला, कसलं ते घराचं जेवण!

"बोला की बाबा," आप्पा म्हणाले.

बाबांनी आणखी एक मूठ ज्वारी टाकली. मग रणजितच बोलला.

"बाबा, आमच्याकडं जनावर तपासून घेतात. कापल्यापासून मटण थंडीत राहतं. माशी बसत नाही. पाकिटावर तारीख असते. आप्पांच्या दुकानात मटण रस्त्याकडेला टांगलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीचा धूर खातं ते."

"टांगलेलं असतं म्हणून तर दिसतं!" आप्पा कडाडले. "शेपूट ठेवतो मी बोकडाला, मेंढी न्हाई हे कळायला. गिऱ्हाइकानं बघावं, बोट लावावं, फरा नको सीना दे म्हणावं. तुझ्या पाकिटात बोकड हाय का मेंढी, तुला तरी कळतं का रं?"

"कळतं. शिक्का असतो त्यावर."

"मग काय, शिक्का चाटून बघतोस?"

मला हसू फुटलं. बाबांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाला लावला.

"आणलंय?" बाबांनी विचारलं.

आणलं होतं. दोघांनीही. आप्पांनी पळसाच्या पानातला पुडा बाबांसमोर ठेवला. रणजितनं डबा ठेवला.

"आज जुम्मेरात, गुरुवारचा लंगर," बाबा म्हणाले. "माणसं जेवायला येतील. शिजवा. जैतून, दोन्ही चुली पेटव. मसाला एकच दे."

आप्पांनी लगेच बाह्या सारल्या. रणजितही हसला. शिजवायला दोघंही एकाच बाईच्या हाताखाली शिकलेले. एकाची बायको, एकाची आई. कुणी कुणाला हार जाणारं नव्हतं.

बाबा उठले. पळसाचा पुडा उचलला.

आणि रणजितच्या हातात दिला.

मग डबा उचलला आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, चुकताय तुमी," आप्पा म्हणाले. "हे त्याचं."

"त्याचंच. तू शिजव."

"आणि मी आप्पांचं?" रणजितनं विचारलं.

"तू बापाचं."

दोघंही हातातल्या मटणाकडं बघत राहिले. मग आप्पांनी जे सगळ्यांच्या मनात होतं ते सरळ विचारून टाकलं.

"अन् मी ह्याचं बिघडवलं तर?"

"बिघडव की," बाबा म्हणाले, आणि पुन्हा कबुतरांकडं वळले.

...

आमच्या दोन चुलींच्या मधे छातीएवढी भिंत आहे. धुरानं काळीकुट्ट झालेली. इकडं बसलेल्याला तिकडचं दिसत नाही. मी मात्र भिंतीच्या टोकाशी कांदा चिरत बसते, मला दोन्ही दिसतं.

मी मनात म्हटलं, जैतून, आज काही खरं नाही. एक मूठ मीठ जास्त पडलं की खेळ खलास. तिकडं आच मोठी केली की तेही करपलं. कोण बघतंय? आणि माणसाचं मन काय, रागात असलं की मीठ टाकायला वेळ लागत नाही.

आप्पांनी डब्यातलं पाकीट फाडलं. कोंडलेला वास आला, तशी त्यांनी मान मागं घेतली. मटण परातीत ओतलं. मग त्यांचा अंगठा एका तुकड्यावर थांबला.

आता ओरडणार, मी म्हटलं.

हाडाच्या कपच्या होत्या. यंत्रानं भराभर कापलं की हाड तडकतं, आणि बारीक टोकदार कपच्या मांसात रुतून बसतात. पोराबाळांच्या घशात गेली तर काय व्हावं! आप्पांनी एक कपची काढून उन्हात धरली. त्यांच्या तोंडावर हसू आलं. खोटं कशाला सांगू, जिंकल्याचंच हसू होतं ते.

भिंतीपलीकडं रणजितला धुरानं खोकला आला. जोराचा आला.

आप्पा त्या भिंतीकडं बघत राहिले. हसू गेलं.

मग त्यांनी परात मांडीवर घेतली. एकेक तुकडा अंगठ्यानं चाचपायला लागले. जवळचं त्यांना नीट दिसत नाही, सगळं बोटांवर. सापडली कपची की काढायची आणि बंडीच्या खिशात टाकायची. पुन्हा तुकडा फिरवायचा. त्यांचं बोट चिरलं, रक्त आलं, ते त्यांनी तोंडात धरलं आणि पुढचा तुकडा घेतला. मग मटण हळद-मिठानं चोळून धुतलं, वारा लागायला उघडं ठेवलं, आणि माझ्याकडून आलं मागितलं.

"जरा जास्त दे, जैतूनबी," म्हणाले. "वास गेला पायजे."

मी दिलं.

तिकडं रणजितनं पुडा सोडला होता. पानात मटण सुरेख मांडलेलं, आप्पांच्या हातचे सारखे तुकडे. त्यानं एक दाबून बघितला. पुन्हा दाबला. मग तो मागं टेकून बसला.

"निबर आहे का रे?" मी हळूच विचारलं.

"छे," तो म्हणाला.

खोटारडा! मटण निबर होतं. मलाही दिसत होतं, खाटकाच्या पोराला नाही दिसणार? आप्पांनी जन्मात कधी म्हातारं बकरं कापलं नव्हतं. पण गिऱ्हाईक मार्टाकडं गेलं. बकरं विकायचं राहिलं, दावणीला बांधलेलं तसंच राहिलं, आणि दावणीलाच म्हातारं झालं. हे सगळं त्या पोराला एका तुकड्यातून कळलं. त्याला फार वाईट वाटलं. तोंडच उतरलं त्याचं.

आता नुसतं गप्प बसायचं होतं त्यानं. रीतसर शिजवायचं, बस्स. रबरासारखं झालं असतं, आणि आप्पांचं नाव त्यांच्याच मटणानं बुडवलं असतं. ह्याला एक शब्दही बोलावा लागला नसता.

तो उठला. नावाच्या पट्टीचा शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि बनियनवर दर्ग्यामागं गेला. आला तो हातात कच्ची पपई घेऊन. इकडं तिकडं बघितलं, माझ्याकडं नाही बघितलं, मला कोण मोजतंय! पाट्यावर पपई वाटली आणि मटण मऊ पडावं म्हणून त्याला चोळली. वास लागू नये म्हणून वरून लसूण चोळला. मग आच बारीक केली आणि फुंकणी घेऊन जो बसला तो हललाच नाही. घाम डोळ्यांत जात होता, तो खांद्यानं पुसायचा. मधूनच एक तुकडा काढून दाबायचा, मान हलवायचा, पुन्हा झाकण ठेवायचा.

माझा कांदा चिरायचा राहून गेला. भिंतीच्या इकडं बाप पोराची लाज राखत होता. तिकडं पोरगा बापाची राखत होता. दोघांना एकमेकांचं काही ठाऊक नव्हतं. या अल्ला... मी एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं.

...

दुपार कलली तेव्हा पातेली उतरली. पंगत बसली. ऊसतोडीची माणसं होती, बांगड्यावाल्या बायका होत्या, टेम्पोवाले होते. कुणाला काही सांगितलं नव्हतं. दोन्हीकडचा रस्सा वाढला. लोक आधी बोलत होते, मग बोलायचे थांबले. नुसता भुरके मारल्याचा आवाज. एक म्हातारी बोटं चाटत म्हणाली, "आज कुणाचा हात लागलाय गं?" मी म्हटलं, "जेव, आजी. जेव."

बाबांनी दोन्हीतला एकेक तुकडा घेतला. डोळे मिटून खाल्ला. एकदा म्हणाले, "सुभानल्लाह." मग दुसऱ्यांदा म्हणाले.

शिजवणाऱ्यानं शेवटी जेवायचं, अशी आमची रीत. आप्पा आणि रणजित उपाशीच बाबांसमोर येऊन बसले. मधे दोन माणसं मावतील एवढं अंतर.

"तुळशीराम," बाबा म्हणाले. "पोराचं मटण कसं होतं?"

आप्पांचा हात बंडीच्या खिशात गेला.

सगळ्या कपच्या तिथं होत्या. मूठ उघडून बाबांपुढं धरली की झालं. ह्याहून मोठा पुरावा कुठला? भांडण तिथंच मिटलं असतं, रविवारी आप्पांचं मटण शिजलं असतं, आणि जुन्या बाजारात आप्पा ताठ मानेनं फिरले असते.

हात बराच वेळ खिशातच राहिला.

मग बाहेर आला. रिकामा.

"चांगलं होतं," आप्पा म्हणाले. "खोट काढायला जागा न्हवती."

रणजितनं झटकन मान वर केली. मार्टात हाडाची कपची घशात गेली म्हणून ओरडत येणारी माणसं ह्याच्याचकडं येतात. आपल्या पाकिटात काय असतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याची नजर बापाच्या चिरलेल्या बोटावर गेली आणि तिथंच राहिली.

"रणजित," बाबा म्हणाले. "बापाचं?"

त्यानं त्या बोटावरून नजर काढली.

"लोण्यासारखं," तो म्हणाला. "असं कोवळं मटण मी मार्टात कधी बघितलं नाही."

आता आप्पांची पाळी होती. त्यांनी पोराकडं असं बघितलं की मला ते सोसेना. आपलं बकरं किती म्हातारं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं होय? सगळ्यात आधी त्यांनाच ठाऊक होतं. सकाळी पुडा बांधताना काय वाटलं असेल त्यांना, ते त्यांचं त्यांनाच माहीत.



बाप पोराकडं बघत होता. पोरगा बापाकडं. मी ह्या दर्ग्यात पुष्कळ काही ऐकलंय, मोठमोठी माणसं येऊन बोलून गेलीत. पण त्या दुपारी ते दोघं काही न बोलता बसले होते, आणि मला वाटत होतं की आपण कुठंतरी डोकं टेकवावं. कुणापुढं, ते कळत नव्हतं.

शेवटी माझ्याच्यानं राहवेना. सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं. बाबांना सारं आधीच कळलेलं दिसलं; त्यांनी बोट वर केलं, मी मिटलं.

"मग... रविवारचं काय, बाबा?" रणजितनं विचारलं. आवाज लहान पोराचा झाला होता. "कुणाचं मटण शिजवू?"

"निकाल सांगा बाबा," आप्पाही म्हणाले. मान खालीच होती. "कुणाचं चांगलं ते सांगून टाका."

बाबा उठले. दोघांच्या समोर येऊन उभे राहिले. मला वाटलं चिडलेत, कारण आवाज चढला होता. पण डोळे भरून आलेले मी बघितले.

"जैतून," ते म्हणाले, "हे दोघं माझ्या दारात बसून माझ्या तोंडावर खोटं बोलले... एकाच ताटात वाढ त्यांना."