नऊ वर्षांतला पहिला रोगी

पळसगडच्या राजवाड्यात तीनशे माणसं राबत होती, आणि नऊ वर्षांत त्यातलं एकही आजारी पडलं नव्हतं. असं कारभारी त्र्यंबकपंतांची वही सांगायची. धवलराजांचा त्या वहीवर पोथीसारखा विश्वास.

राजा तसा दिलदार हो! चाकरांसाठी त्याने औषधांची कोठी काढली, लांबून वैद्य आणला आणि सगळा कारभार पंतांच्या गळ्यात घालून मोकळा झाला. पुन्हा म्हणून तिकडे फिरकला नाही. पंतांनी कोठी थाटली टेकडीवर, दोनशे बारा पायऱ्या चढून. का, तर वर हवा चांगली! नियमही त्यांचाच. रोग्याने आपल्या पायांनी यावं. जो चढून आला तो धडधाकट, त्याला औषध कशाला? आणि जो आलाच नाही त्याची नोंद कशाला? दर दसऱ्याला पंत हात जोडून सांगायचे की यंदाही रोगी एकही नाही, आणि राजा खूश होऊन शाल द्यायचा. अशा नऊ शाली पंतांनी कोठीच्या भिंतीवर ओळीने टांगल्या होत्या.

एके दिवशी मुदपाकखान्यात, म्हणजे राजाच्या स्वयंपाकघरात, चाकर म्हादूच्या उजव्या हातावर उकळतं तेल सांडलं. त्याची थोरली बहीण सुंद्रा तिथली मुख्य स्वयंपाकीण. तिने त्याला धरून धरून वर नेलं. कोठीवरच्या कारकुनाने वहीतून मानही वर केली नाही. चढून आलास ना, मग ठणठणीत आहेस, जा! वैद्य बिचारा आत बसलेला, पण नोंद झाल्याशिवाय त्याला चिमूटभर लेपही देता येत नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हादूचा हात सुजून काळा पडायला लागला. आज-उद्या औषध मिळालं नाही तर हात जाणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

सुंद्रा तडक राजापुढे जाऊन उभी राहिली आणि झालेलं सगळं सांगितलं. पंत शेजारीच होते. बाई कांगावा करते आहे, असं ते गोड आवाजात म्हणाले. झालं, राजाचं डोकं फिरलं.

"उद्या दुपारपर्यंत या राजवाड्यातला एक तरी रोगी कोठीवर दाखव," तो म्हणाला. "पंतांचा नियम पाळून, पायी आलेला. नाही जमलं तर बहीणभाऊ दोघंही गाशा गुंडाळा."

पंत मिशीतल्या मिशीत हसले. पायी आलेला रोगी! सशाचं शिंग त्याआधी सापडलं असतं.

आता पळसगडची रीत अशी, की ज्याने रांधलं त्याने राजादेखत पहिला घास खायचा, मगच राजा ताटाला हात लावणार. त्याच दिवशी दुपारी सुंद्राने ताट मांडलं, आमटी चाखली, भात चाखला आणि म्हणाली, "महाराज, मी रांधते म्हणून मी आधी चाखते. कोठी तुम्ही आणि पंतांनी रांधली. नऊ वर्षं आम्हाला वाढताय. तुमच्यापैकी चाखली कुणी?"

राजाचा घास हातातच राहिला. पंत काहीतरी पुटपुटायला लागले, पण राजा पडला मानी, घराण्याची रीत मोडतो कसा? उद्या सकाळी कोठी चाखायची, पालखी नाही, पागोटं नाही, आणि पंतांनीही पायीच यायचं, असं त्याने सांगून टाकलं. पंतांचं तोंड एवढंएवढंसं झालं. ते आजवर पालखीतूनच वर गेले होते ना!

सकाळी राजा साधा पंचा गुंडाळून निघाला. सुंद्राही बरोबर निघाली. पन्नास पायऱ्या ऐटीत चढला. शंभराव्या पायरीला त्याचं बोलणं बंद झालं. दीडशेला डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागून पंत चक्क रांगत येत होते. वर पोचताच राजाने ओट्यावर अंग टाकलं. छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती.

"चालत आलास?" कारकुनाने वहीत बघत विचारलं.

राजाने कसंबसं हो म्हटलं.

"मग ठणठणीत आहेस. जा खाली."

तेवढ्यात वैद्य आतून धावत आला. त्याने नाडी धरली आणि त्याचे डोळे आनंदाने भरून आले. नऊ वर्षांनी त्याच्या हाती नाडी आली होती! त्याने राजाला जागचं हलू नका म्हणून बजावलं. पंतांनी धापा टाकत हरकत घेतली, की नियमाप्रमाणे महाराज एकदम धडधाकट आहेत.

सुंद्रा पुढे झाली. "महाराज, वही खरी असेल तर उठा आणि चालत खाली चला. मी आत्ता गाशा गुंडाळते. वही खोटी असेल, तर पायी आलेला रोगी मी दाखवलाय."

राजाने उठायचा प्रयत्न केला. गुडघे लटपटले आणि तो पुन्हा खाली बसला. त्याने एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, एकदा आडव्या पडलेल्या पंतांकडे, आणि असा काही हसत सुटला की त्याला ठसका लागला. वैद्याने लगोलग ठसक्यावरही चाटण दिलं.

"लिहा पंत," राजा म्हणाला. "पहिला रोगी धवलराजे. दुसरा म्हादू. आणि वैद्यबुवा, माझं राहू दे, तुम्ही आधी खाली पळा!"

वैद्य लेपाची वाटी घेऊन पळाला आणि म्हादूचा हात वाचला. कोठी त्याच आठवड्यात मुदपाकखान्याशेजारी आली. बक्षीस काय हवं विचारलं, तेव्हा सुंद्रा म्हणाली की दर महिन्याला महाराजांनी आणि पंतांनी एका पंक्तीला बसावं, मधे एक चाकर बसवावा, आणि पंतांची वही आधी त्याने चाखावी, खरी की खोटी ते सांगावं. राजाने ते कबूल केलं आणि वर हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. पंतांना शाल यापुढे किती रोगी बरे झाले त्यावर मिळायची होती.

राहता राहिला प्रश्न त्या सकाळी राजाला खाली न्यायचा. पालखी तर त्यानेच नको म्हटलेली! सुंद्राने भिंतीवरच्या नऊ शाली काढल्या आणि खालून बोलावलेल्या चौघा चाकरांना त्यांची झोळी बांधायला लावली. झोळीत झुलत झुलत राजा पायऱ्या उतरला, आणि मागून पायी येणाऱ्या त्र्यंबकपंतांना हसत हसत ओरडून म्हणाला, "पंत, तुमच्या शाली आज पहिल्यांदा रोग्याच्या कामी आल्या बरं का!"