ठकुआईचा विस्तव

वाकणवाडीच्या ओढ्यापलीकडे टेकाडावर एक दगडी चौकट उभी आहे. भिंती केव्हाच ढासळल्या, छप्पर पाहिलेलं माणूस आता गावात नाही. चौकट मात्र शाबूत आहे. दार अडकवायची खाच तिच्यात दिसते, दार नाही, आणि गावाने ते कधी बसवलंही नाही.

ही चौकट सगळ्यात चांगली दिसते ती बाबूतात्यांच्या ओट्यावरून. तात्या ब्याऐंशी वर्षांचे, गावाच्या टोकाच्या घरात एकटे राहतात. आम्ही कॉलेजच्या तिघी तिची गोष्ट ऐकायला सकाळीच तिथे जाऊन बसलो होतो. सांगताना त्यांचा आवाज संथ होता, पण नजर पुन्हा पुन्हा गावाकडच्या वाटेवर जात होती. कुणाची वाट बघताय, असं विचारायचं माझ्या दोनदा ओठांवर आलं.

काडेपेटी गावात यायच्या आधीची ही गोष्ट. त्या टेकाडावर ठकुआई नावाची म्हातारी एकटी राहत असे. नवरा आणि दोन्ही मुलगे एकाच साथीत गेले. तेराव्याला लोक ताटं घेऊन आले, तेव्हा तिने ओढ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ज्याला मी काही दिलं नाही, त्याच्या हातचं मी घेणार नाही. पाणी सोडलं. झालं.

शपथ तर घेतली, पण पुढे तिच्याजवळ द्यायला काही उरलं नाही. शेळी मेली, गुडघ्यांनी दगा दिला. कुणी भाकरी नेली तर ती उंबऱ्यावरूनच परत येई. गावाला मोठी काळजी लागली. सकाळी उठलं की लोक आधी टेकाडाकडे बघत, धूर दिसतो का. धूर दिसला की मग तोंड धुवायचं.

ओढ्याअलीकडच्या पहिल्या घरात कोंडा नावाची सून होती. तोंडाची फटकळ. तिने एके सकाळी आपल्याच चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, मातीचं खापर उचललं आणि टेकाड चढली.

"आई, चूल विझली माझी. विस्तव द्या."

"कशानं विझली?"

"दूध उतू गेलं."

"तुझी म्हैस तर आटलीय."

"शेजारणीचं दूध होतं," कोंडा म्हणाली म्हणे.

म्हातारीने खापरात दोन निखारे घातले. कोंडाने काखेतलं लाकूड आणि पदराखालची भाकरी चुलीपाशी ठेवली. विस्तव फुकट नेला तर घरची चूल रुसते, असं माझ्या सासूनं सांगितलंय, म्हणाली. सासूने असलं काही जन्मात सांगितलेलं नव्हतं. पण त्या दिवशी भाकरी परत आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बावीस घरांच्या चुली पाळीपाळीने विझू लागल्या. जिची पाळी, तिने सकाळी जायचं आणि संध्याकाळी खापर पुढच्या घरी पोचवायचं. ज्या घरी खापर, त्या घरची पाळी. अशी सात वर्षं गेली, असं सांगतात.

आठव्या वर्षी श्रावणात झड लागली. पाचव्या दिवशी जिची पाळी होती, ती विस्तव आणून, खापर घेऊन पुढच्या घरी निघाली होती. वाटेत सर आली, तेव्हा तिने ते देवळाच्या पडवीत ठेवलं. तिला वाटलं, पुढचीला दिसेल, ती उचलेल. पुढचीला वाटलं, खापर आलं नाही, म्हणजे आज दुसरंच कुणी जाणार. तीन दिवस प्रत्येक घरात हेच म्हणत होते की कुणीतरी गेलंच असेल. टेकाड ढगात बुडालेलं, त्यामुळे धूर आहे की नाही तेही कळेना.

इथे तात्या थांबले. कौलावर काहीतरी आपटलं आणि मी केवढी तरी दचकले.

"सावरीची बोंडं पडतात," ते म्हणाले. "भिऊ नको."

"पण तात्या, पुढेही कुणी गेलंच नसतं तर?" मी विचारलं.

"ऐक तर खरं." आणि त्यांनी पुन्हा वाटेकडे पाहिलं.

त्या तीन दिवसांनंतर, चौथ्या दिवशी, ओढ्याचं पाणी गावात शिरलं. बावीसच्या बावीस चुली खरोखर विझल्या. बायकापोरं देवळात जमली. कुणीतरी म्हणालं, खापर असेल तिने टेकाडावरून विस्तव आणावा. खापर कुणाकडे आहे? सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग कोंडाला ते तिथेच पडवीच्या कोपऱ्यात दिसलं, पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेलं.

पुरुषांनी कासरे जोडून दोर केला. पाणी छातीला लागत होतं. कोंडा खापर डोक्यावर धरून ओढा उतरली, मागे तिचा नवरा भिवा. चढताना धूर दिसेना, हाकेला ओ येईना. वर पोचले तर चौकटीत दारच नव्हतं, नुसता काळोख. भिवा म्हणाला, "तू आत जाऊ नको." ती गेली.

ठकुआई चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती, तापाने फणफणलेली. तीन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. सरपण संपल्यावर तिने बाजेचे खूर जाळले, मग मुसळ, मग दाराच्या फळ्या. कोंडाने राख उकरली, तर आत मुठीएवढा निखारा लाल होता.

"उशीर केलात गं," म्हातारी म्हणाली. "कुणी मागायला आलं असतं नि विस्तव नसता, तर मी काय दिलं असतं?"

कोंडा तिच्या पायाशी बसली. म्हणाली, "आई, पहिल्या दिवशी चूल मीच विझवली होती."

"मग, मला काय कळत नाही? सात वर्षं रोज एकीचं दूध उतू जातं होय? पण आज तुझी खरंच विझलीय. तोंडावर दिसतंय. घेऊन जा."

त्या निखाऱ्यावर बावीस चुली पेटल्या. पहिली पेज टेकाडावर गेली. त्यानंतर म्हातारी पाच वर्षं जगली, पण तिने दार बसवू दिलं नाही. येणारीला बाहेरून हाक मारावी लागायला नको, म्हणायची. ती गेली तेव्हा गावाने ओढ्याचं पाणी हातात घेतलं: जो एकटा, त्याच्या चुलीवर मागायला जायचं, आणि खापर हातातून हातातच द्यायचं, खाली ठेवायचं नाही.

"घरोघर गॅस आला," तात्या म्हणाले. "माझ्याकडंपण आहे. तरी येतात."

"किती वाजता?"

"आठाच्या आत."

साडेनऊ वाजून गेले होते. ते मघापासून वाटेकडे का बघत होते, ते मला आता कळलं. आम्ही तिघीही वाटेकडे बघू लागलो. बोंडं पडत राहिली.

मग कुंपणाआडून एक बाई आली, काखेत लाकूड, हातात खापर, धापा टाकत.

"तात्या, विस्तव आहे का?"

"ही वेळ झाली व्हय? घरात काडेपेटी नाही?"

"ओली झाली."

"ऊन बघ कसलं पडलंय."

"मग जाऊ का परत?"

"थांब की," तात्या म्हणाले आणि भिंतीला धरून उठले. आत गॅसच्या शेगडीशेजारी मातीची चूल होती. त्यांनी वाकून राख बाजूला केली आणि फुंकर घातली. बाईने फडक्यातली भाकरी हळूच फळीवर ठेवली. तात्यांनी तिकडे पाहिलं नाही.

आजही ठकुआईच्या चौकटीला दार नाही. तात्यांच्या घराला आहे, पण आम्ही निघताना मी ते सवयीने ओढून घ्यायला गेले, तर आतून आवाज आला, "राहू दे उघडं."