हुकमाची थंडी

नारळपट्टणात बारा महिने हवा सारखीच. पौष कुठला आणि वैशाख कुठला, हे पंचांग उघडल्याशिवाय कुणाला कळत नसे. तिथे घाटावरून नवे सुभेदार आले, रंगोजीराव. पंचांगात पौष पाहून त्यांनी दवंडी पिटवली, की थंडी सुरू झाली आहे, घोंगडीशिवाय जो दिसेल तो कोठडीत जाईल.

गाव चक्रावलं. घामाच्या धारा आणि वर घोंगडी. लोक एकमेकांना विचारू लागले, "आपल्यालाच ताप नाही ना भरला?" दोघे तर चक्कर येऊन पडले. शाल पांघरलेले सुभेदारही घाम पुसत म्हणत, "थंडीचा घाम आहे हा."

मग खोबरेल विकणारी द्वारकी बिनघोंगडीची सापडली.

"थंडी कळत नाही तुला?" सुभेदारांनी दरडावलं.

"मी अडाणी बाई, सरकार. पण थंडीत खोबरेल थिजतं, हे तुम्हा घाटावरच्यांना ठाऊक आहे." तिने बुधलीतलं तेल तळहातावर ओतलं. ते पाण्यासारखं ओघळलं. "यानं तुमची दवंडी ऐकलेली दिसत नाही. आधी याला कोठडीत टाका, मग मी येते."

सुभेदार कधी तेलाकडे, कधी पंचांगाकडे बघत राहिले. शेवटी अंगावरची शाल काढून त्यांनी ती पंचांगावर घातली.

"थंडी वाजतेय ती यालाच," ते पुटपुटले.